मनगटावरचा जागल्या

निवृत्त झालेल्या वडिलांना मुलाने काय भेट द्यावी, या प्रश्नाचे उत्तर मध्यमवर्गीय घरांतून गेल्या काही वर्षांत बदलले आहे. पूर्वी शाल, धोतरजोडी, फार तर काशीयात्रेचे तिकीट असे. आज पुण्या-नाशिकच्या घरात दिवाळीला किंवा एकसष्टीला परदेशातील मुलाकडून येते ते घड्याळ. ते वेळ दाखवते हा त्याचा गौण गुण. नाडीचे ठोके मोजते, झोप मोजते, पावले मोजते आणि हृदयात काही बिघडणार असेल तर आधीच सांगते, हा त्याचा मुख्य लौकिक. मुलगा तिकडे निश्चिंत होतो आणि आईवडील इकडे स्वतःला सुरक्षित समजू लागतात. या निश्चिंतीत आधार किती आणि आभास किती, असा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही.

यंत्राला नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. विज्ञानाने दिलेले साधन नाकारणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे. आपल्या गावगाड्यात जागल्या असे. रात्री तो गस्त घाली, संशयास्पद चाहूल लागली की आरोळी देई, आणि त्याच्या भरवशावर गाव झोपे. पण जागल्याने एकट्याने दरोडा परतवून लावावा, अशी अपेक्षा गावाने कधी ठेवली नाही. त्याची हाक ऐकून माणसे काठ्या घेऊन बाहेर पडत, म्हणून त्या हाकेला मोल होते. मनगटावरचे हे यंत्र म्हणजे नव्या काळाचा जागल्याच आहे. त्याची नजर कुठवर पोहोचते आणि त्याने हाक दिल्यावर जागे होणारे कोणी आहे का, या दोन प्रश्नांवर त्याची सारी किंमत ठरते.

खोलीभर यंत्रापासून मनगटापर्यंत

हृदयाच्या विद्युत्‌स्पंदनांचा आलेख काढण्याची विद्या जेमतेम सव्वाशे वर्षांची आहे. नेदरलँड्समधील लायडनचे विलेम आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जे यंत्र उभारले, त्याचे वजन सुमारे २७० किलो होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्याने भरलेल्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. आलेखातील लाटांना आइन्थोव्हेन यांनी दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे आजही प्रत्येक ईसीजीवर नांदत आहेत. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढची अडचण वेगळी होती. हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा ठोके देते. दवाखान्यातील ईसीजी त्यातील दहा सेकंदांचे, म्हणजे दहाबारा ठोक्यांचे चित्र टिपतो. लाखातील दहाबारा साक्षीदार तपासून निकाल द्यायचा, असा हा प्रकार. हृदयाचे कित्येक बिघाड तर मध्यरात्री येतात आणि पहाटे निघून जातात. सकाळी डॉक्टरांपुढे बसलेल्या माणसाचा आलेख अगदी निर्दोष असतो. अमेरिकेतील मोंटाना राज्यातील नॉर्मन हॉल्टर यांनी यावर उपाय शोधला. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पाठीवर वाहून नेण्याचे जे पहिले यंत्र तयार केले ते सुमारे ३८ किलोंचे होते. १९६१ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली, तोवर यंत्राचा आकार पुष्कळ आटोक्यात आला होता. आज 'हॉल्टर लावा' असे डॉक्टर म्हणतात, तेव्हा ते याच संशोधकाचे नाव घेत असतात.

सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲपल कंपनीच्या घड्याळातील ईसीजीला परवानगी दिली आणि ३८ किलोंचा भार काही ग्रॅमवर आला. ही प्रगती थक्क करणारी आहे, यात शंका नाही. परंतु यंत्र लहान झाले म्हणून त्याच्याकडून करायच्या अपेक्षा आपोआप मोठ्या होत नाहीत. नेमकी हीच गल्लत जाहिरातींनी केली आहे.

यंत्राला काय दिसते?

घड्याळाच्या पाठीमागे हिरवा प्रकाश लुकलुकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्यासरशी मनगटातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत रक्ताची लाट येते, तेव्हा जास्त प्रकाश शोषला जातो आणि लाट ओसरली की कमी. परतून येणाऱ्या प्रकाशाच्या या चढउतारावरून दोन ठोक्यांमधील अंतर मोजले जाते. दुसरी सोय ईसीजीची. दुसऱ्या हाताचे बोट घड्याळावर तीस सेकंद टेकवले की एका बाजूने पाहिलेला हृदयाचा आलेख मिळतो. दवाखान्यातील ईसीजी हृदयाकडे बारा बाजूंनी पाहतो. घड्याळ एकाच खिडकीतून.

एका खिडकीतूनही एक गोष्ट बऱ्यापैकी दिसते, ती म्हणजे ठोक्यांची लय. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांनी एका तालात आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरावे, या विकाराला वैद्यकात 'एट्रियल फिब्रिलेशन' म्हणतात. या थरथरीमुळे रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात होतो. असा विकार असणाऱ्याला पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. अनेकांना या विकाराची जाणीवही नसते. म्हणून तो आधी उमगावा, ही आकांक्षा रास्तच आहे.

या आकांक्षेची एक मोठी कसोटी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी घेतली. नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४ लाख १९ हजारांहून अधिक घड्याळधारक होते. सुमारे चार महिन्यांच्या निरीक्षणात २,१६१ जणांना, म्हणजे दर हजारी पाच जणांना, अनियमित नाडीचा इशारा मिळाला. इशारा मिळालेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती परत पाठवली, त्यांतील ३४ टक्क्यांत हा विकार आढळला. विकार येऊन-जाऊन असल्याने उरलेल्यांचा इशारा खोटाच होता असे म्हणता येत नाही. पट्टी लावलेली असताना त्याच वेळी घड्याळानेही इशारा दिला, अशा प्रसंगी तो ८४ टक्के वेळा बरोबर होता. यंत्र प्रामाणिक आहे, एवढे यातून सिद्ध होते.

परंतु आणखी एक आकडा पाहायला हवा. चाळिशीच्या आतील सहभागींत इशारा मिळालेल्यांचे प्रमाण ०.१६ टक्के होते, तर ६५ वर्षांवरील सहभागींत ३.१ टक्के. ज्या वयात विकार विरळा, त्या वयात इशाराही विरळा, आणि आलेला इशारा फसवा ठरण्याची शक्यता अधिक. घड्याळे मात्र घेतात बहुतांशी तरुण. ज्याला गरज कमी त्याच्या मनगटावर जागल्या, आणि ज्याला गरज आहे तो सत्तरीचा शेतकरी या साऱ्यापासून कोसभर दूर, असे हे उफराटे चित्र आहे.

यंत्राला काय दिसत नाही?

आता मुख्य मुद्द्याकडे वळले पाहिजे. सामान्य माणूस 'हार्टचा त्रास' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर असतो तो हृदयविकाराचा झटका. हा झटका लयीच्या बिघाडातून सुरू होत नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीच्या आतल्या भिंतीत वर्षानुवर्षे मेदाचा थर साचतो. एके दिवशी त्या थराचे आवरण फुटते, तेथे रक्ताची गुठळी जमते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. फुटणारा थर मोठाच असतो असेही नाही. कालपर्यंत रक्तप्रवाहाला फारसा अडथळा न करणारा थरही घात करू शकतो. अशा वेळी झटक्याच्या आदल्या दिवशी नाडी नियमित असते, ठोके नेमस्त असतात, घड्याळ समाधानी असते.

म्हणूनच 'हे घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही', असे ॲपल कंपनी स्वतःच स्पष्ट सांगते. दुर्दैव असे की जाहिरात मोठ्या अक्षरांत असते आणि इशारा बारीक अक्षरांत. छातीत जडपणा, डाव्या हाताला कळ, अंगाला दरदरून घाम अशी अवस्था असताना एखाद्याने घड्याळावर बोट टेकवावे, पडद्यावर लय नियमित असल्याचा निर्वाळा यावा आणि 'पित्त झाले असेल' म्हणत त्याने सकाळपर्यंत थांबावे, हा या साधनाचा सर्वांत मोठा धोका आहे. भित्र्या जागल्याने उगाच आरोळी दिली तर गावाची झोपमोड होते, एवढेच. चोर घरात शिरलेला असताना जागल्या 'सर्व ठीक' म्हणाला, तर मात्र घर जाते.

शिवाय सारीच घड्याळे एका मापाची नाहीत. बाजारात रक्तदाब, प्राणवायू, इतकेच काय रक्तातील साखरही सुई न टोचता दाखवण्याचा दावा करणारी यंत्रे मुबलक आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला की, त्वचा न टोचता साखर मोजणाऱ्या कोणत्याही घड्याळाला वा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. अशा आकड्यावर विसंबून मधुमेह्याने इन्शुलिन घेतले तर ते जिवावर बेतू शकते. सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपलच्या घड्याळाला उच्च रक्तदाबाच्या संभाव्यतेची सूचना देण्याची परवानगी मिळाली खरी. पण ते घड्याळ रक्तदाबाचा आकडा सांगत नाही. महिनाभराच्या नोंदींवरून केवळ शंका व्यक्त करते, आणि त्याचे मौन म्हणजे रक्तदाब नसल्याचे प्रमाणपत्र नव्हे. दंडाला पट्टा गुंडाळून मोजलेल्या रक्तदाबाला आजही पर्याय नाही.

आधी कळले, पुढे काय?

रोग लवकर कळला की माणूस वाचतो, हे गृहीत आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की त्याची परीक्षा घ्यावी असे कोणाला सुचत नाही. डेन्मार्कच्या संशोधकांना ते सुचले. त्यांनी ७० ते ९० वयाच्या सुमारे सहा हजार जणांपैकी एका गटाच्या छातीत त्वचेखाली नोंदयंत्र बसवले आणि दुसऱ्या गटाला नेहमीची वैद्यकीय देखभाल दिली. २०२१ साली निष्कर्ष आले. नोंदयंत्राच्या गटात लयीचा विकार जवळपास ३२ टक्क्यांत सापडला, दुसऱ्या गटात १२ टक्क्यांत. रक्त पातळ करणारी औषधेही दुपटीहून अधिक जणांना सुरू झाली. मात्र पक्षाघाताच्या प्रमाणात संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल असा फरक पडला नाही. काही मिनिटे येऊन जाणारी थरथर आणि तासन्‌तास टिकणारी थरथर यांचा धोका सारखा नसतो, हा त्यातील धडा. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवाविषयक तज्ज्ञगटानेही जानेवारी २०२२ मध्ये, लक्षणे नसलेल्या ज्येष्ठांची या विकारासाठी सरसकट तपासणी करावी की नाही हे सांगायला पुरेसा पुरावा नाही, असाच अभिप्राय दिला.

दुसरी बाजू माणसाच्या स्वभावाची आहे. झटका येऊन गेलेल्या आणि हृदय दुर्बल झालेल्या २,३०२ रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्यातील एका गटाला अंगात घालण्याचे असे जाकीट दिले की हृदयाची लय जीवघेणी बिघडताच ते आपोआप विजेचा झटका देऊन ती पूर्ववत करील. यापेक्षा समर्थ पहारेकरी कोणता असणार? २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा लयीच्या बिघाडाने होणाऱ्या मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. जाकीट मिळालेल्या गटात ४८ जण दगावले. मृत्यूच्या क्षणी त्यांतील केवळ १२ जणांच्या अंगात ते होते. इतरांनी ते काढून ठेवले होते. अडचण होते, उकडते, झोप लागत नाही, अशा कारणांनी माणूस चिलखत खुंटीला टांगतो. यंत्राची परिपूर्णता माणसाच्या कंटाळ्यापुढे हात टेकते.

मग हृदयाचा बिघाड आधी कळतच नाही का? कळतो, आणि तेथेच या साऱ्या विषयाचे मर्म आहे. हृदयाची रक्त ढकलण्याची शक्ती घटत गेलेले रुग्ण वरचेवर रुग्णालयात दाखल होतात. श्वास लागतो, पायांवर सूज येते, फुप्फुसांत पाणी साचते. पण ही अवस्था एका रात्रीत येत नाही. शरीर काही दिवस आधीपासून खुणा देत असते. अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांतील अशा शंभर रुग्णांच्या छातीवर पट्टी लावून हृदयगती, श्वासगती, हालचाल आणि झोप यांची सतत नोंद घेण्यात आली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, रुग्णालयात दाखल होण्याची वेळ येण्यापूर्वी सरासरी साडेसहा दिवस आधी इशारा मिळाला आणि अशा चारपैकी किमान तीन प्रसंगांची चाहूल यंत्राला लागली. त्याआधी २०११ साली ५५० रुग्णांवरील प्रयोगात फुप्फुसाच्या रोहिणीत सूक्ष्म दाबमापक बसवून रोजचा आकडा डॉक्टरांकडे पोहोचवला गेला. सहा महिन्यांत हृदयाच्या या दुर्बलतेपायी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी घटले.

या दाबमापकाच्या प्रयोगात यश का आले? कारण रोग आधीच ठाऊक होता, यंत्र कोणत्या खुणेसाठी लावले आहे हे निश्चित होते आणि पलीकडे तो आकडा रोज वाचून औषधाची मात्रा बदलणारा डॉक्टर बसलेला होता. यंत्राने हाक दिली आणि ती ऐकणारा जागा होता. जेथे हाकेनंतर काय करायचे हे ठरलेले होते, तेथे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग घटले. जेथे ते ठरलेले नव्हते, तेथे केवळ माहितीचा ढीग वाढला.

आपला दरोडेखोर वेगळ्या वाटेने येतो

आता आपल्या देशाकडे पाहू. जगातील ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासाने दाखवून दिले की तंबाखू, उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तातील मेदाचे असंतुलन, पोटाचा घेर, ताणतणाव अशा नऊ घटकांशी पहिल्या झटक्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांचा संबंध आहे. याच अभ्यासातून पुढे आलेली दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो. इतर देशांत तो जवळपास ५९ व्या वर्षी येतो. सहा वर्षांचा हा फरक म्हणजे मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, घराचे हप्ते यांच्या ऐन मध्यावर घरातील कर्ता माणूस कोसळणे होय.

हे नऊ घटक ओळखायला मनगटी यंत्र लागत नाही. रक्तदाबाचा पट्टा, साखरेची तपासणी आणि शिंप्याची मोजपट्टी एवढ्यावर भागते. पुरुषाच्या पोटाचा घेर ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला की आपल्या लोकांत धोका वाढू लागतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रियांना उच्च रक्तदाब आहे, किंवा त्यासाठी औषध चालू आहे. हृदयविकाराचे भाकीत यापेक्षा वेगळे ते काय असते? भाकीत समोर आहे. ते वाचण्याची तसदी घेतली जात नाही.

लयीच्या विकाराची कथाही आपल्याकडे निराळी आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या भारतीय रुग्णांपैकी ३१.५ टक्क्यांना संधिवाताच्या तापाने जडलेला झडपांचा रोग होता. उत्तर अमेरिकेत हे प्रमाण २.२ टक्के. हा रोग गरीब वस्तीतील मुलाच्या दुर्लक्षित घसादुखीतून सुरू होतो. वेळीच पेनिसिलिन मिळाले तर तो टळतो. याचे 'भाकीत' शाळेतील आरोग्य तपासणीत छातीवर नळी टेकवणाऱ्या डॉक्टरच्या कानाला होते. परदेशी प्रकृतीवर बेतलेले यंत्र जसेच्या तसे उचलून आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही, हे यावरून ध्यानात यावे.

आणि झटका आल्यानंतर? देशातील ८९ रुग्णालयांतील २० हजारांहून अधिक रुग्णांची नोंद घेणारा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंत लागणारा मध्यम कालावधी होता ३६० मिनिटे. सहा तास! हृदयाचा स्नायू तोवर मोठ्या प्रमाणात मृत झालेला असतो. त्याच अभ्यासात महिन्याभरातील मृत्यूचे प्रमाण गरिबांत ८.२ टक्के, तर सधनांत ५.५ टक्के होते. आठवडाभर आधी भाकीत करण्याच्या गोष्टी आपण करतो आणि छातीत कळ आल्यानंतरचे सहा तास हातचे घालवतो. यालाच आधी कळस मग पाया म्हणतात.

पाया घालणारेही याच देशात आहेत, ही समाधानाची गोष्ट. तमिळनाडूत लहान रुग्णालये, रुग्णवाहिका आणि मोठी हृदयरोग केंद्रे एका साखळीत गुंफण्याचा प्रयोग झाला. रुग्णाचा ईसीजी जागेवरच काढून तज्ज्ञाकडे पाठवायचा आणि उपचाराचा निर्णय वाटेतच करायचा, अशी ही रचना. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या रुग्णांतील वर्षभराच्या मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. कर्नाटकात २९ ऑक्टोबर २०२१ रोजी अभिनेते पुनीत राजकुमार यांचे ४६ व्या वर्षी हृदय बंद पडून निधन झाले. त्यानंतर बंगळुरूच्या हृदयरोग रुग्णालयात तपासणीसाठी झुंबड उडाली. पण राज्याने पुढे त्यांच्याच नावाने जी योजना आणली तिचे मोल त्या झुंबडीपेक्षा मोठे आहे. तालुका रुग्णालयातील ईसीजी संगणकीय प्रणालीने तत्काळ वाचायचा आणि गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन तेथेच विनामूल्य द्यायचे, असे तिचे स्वरूप आहे. यंत्राची बुद्धी येथेही वापरली गेली. पण ती रुग्णालयाच्या दारात आणि औषधाच्या शेजारी बसवली गेली. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तळहातावर मावेल असे टेली-ईसीजी यंत्र विकसित केले, त्यामागची दृष्टीही हीच. खेड्यातील आलेख शहरातील तज्ज्ञापुढे क्षणात पोहोचावा, ही ती दृष्टी. असे स्वदेशी साधन गावोगावच्या आरोग्य केंद्रात आणि १०८ क्रमांकाच्या प्रत्येक रुग्णवाहिकेत असणे, हे हजार मनगटांवर घड्याळे चढवण्यापेक्षा अधिक प्राण वाचवील.

आणखी एका बाबीकडे डोळेझाक करून चालणार नाही. घड्याळ जे मोजते ते केवळ मनगटावर राहत नाही. नाडी, झोप, चालणे, स्त्रियांच्या शरीरधर्माच्या नोंदी हे सारे कंपन्यांच्या संगणकांत साठते, आणि त्यांतील बऱ्याच कंपन्या परदेशी आहेत. घरातील वैद्याला सांगितलेली गोष्ट घराबाहेर जात नसे. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, हे योग्यच झाले. मात्र आरोग्याच्या माहितीला त्यात वेगळी, अधिक कडक अशी श्रेणी नाही. उद्या विमा कंपनीने हप्ता ठरवताना किंवा मालकाने नोकरी देताना या नोंदी मागितल्या तर काय, याचा निर्णय आजच व्हायला हवा. भारतीयांच्या हृदयाची माहिती भारतीयांच्याच उपचारासाठी कामी यावी, त्यावर आपल्या संशोधकांनी आपल्या माणसांसाठी ठोकताळे बांधावेत. ती कोणाच्या बाजाराचा कच्चा माल होऊ नये.

नाडीवरचे बोट आणि माणूस

शार्ङ्गधरसंहितेत अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या नाडीची परीक्षा सांगितली आहे आणि नाडीच्या चालीला सर्प, बेडूक, हंस अशा उपमा दिल्या आहेत. त्या परीक्षेची आधुनिक यंत्राशी ओढूनताणून तुलना करण्याचे कारण नाही. एक गोष्ट मात्र त्या पद्धतीत होती. वैद्याची बोटे नाडीवर असत तेव्हा त्याचे डोळे रोग्याच्या चेहऱ्यावर असत आणि कान घरच्यांच्या बोलण्याकडे. झोप कशी, भूक कशी, घरात चिंता कसली, हे त्याला ठाऊक असे. यंत्राने बोटे घेतली. डोळे आणि कान माणसांनाच द्यावे लागतील.

म्हणून घड्याळ घेणाऱ्याने ते जरूर घ्यावे, पण त्याला साजेसा संसार उभा करून घ्यावा. साठी ओलांडलेल्यांनी, विशेषतः रक्तदाब, मधुमेह वा पूर्वीचा हृदयरोग असलेल्यांनी, ते वापरावे की नाही हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. इशारा आला तर कोणाला दूरध्वनी करायचा, हे आधीच लिहून ठेवावे. इशारा आल्यावर घाबरून औषध सुरू करू नये किंवा दुर्लक्षही करू नये. आलेख जतन करून दाखवावा. आणि छातीत कळ, धाप, घाम, अर्धांगाला बधिरपणा असे काही झाले तर घड्याळाकडे पाहूच नये. सरळ १०८ ला हाक द्यावी आणि रुग्णालय गाठावे. परदेशातील मुलाने घड्याळासोबत आणखी दोन गोष्टी पाठवाव्यात : रक्तदाबाचा चांगला पट्टा आणि शेजारच्या घरातील एका जबाबदार माणसाशी बोलून ठेवलेला शब्द.

समाजात काम करणाऱ्यांसाठी तर येथे हाताला हात लावून उचलण्याजोगे काम आहे. वस्तीतील चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब वर्षातून दोनदा मोजला जावा, ज्याचा वाढलेला आहे त्याची गोळी चालू आहे की नाही हे महिन्याला पाहिले जावे, तंबाखू सोडणाऱ्याच्या पाठीशी उभे राहावे. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहण्याची क्रिया एका दुपारच्या वर्गात शिकता येते. प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक शाळेत, प्रत्येक मंदिराच्या उत्सव समितीत ती येणारी चारदोन माणसे असली पाहिजेत. जवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्री ईसीजी निघतो आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळते, याची यादी त्यांच्यापाशी असली पाहिजे.

यंत्रे दिवसेंदिवस अधिक हुशार होत जातील. आज न दिसणाऱ्या काही गोष्टी उद्या त्यांना दिसू लागतील, आणि त्याचे स्वागतच होईल. पण मध्यरात्री अडीच वाजता मनगटावर इशारा उमटला, तर दार उघडणारा शेजारी, उचलून नेणारे हात, वेळेवर येणारी रुग्णवाहिका आणि जागा असलेला डॉक्टर यांतील एकही गोष्ट कोणत्या घड्याळात बसवून मिळत नाही. ती समाजाला घडवावी लागते. ते काम दुकानातून आणता येत नाही, म्हणून ते आजच सुरू केले पाहिजे.